गिधाडांची हजेरी

लाइनमनच्या टोळीत त्याला सगळे शंकोबा म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच पडून होतं. "लाइन बंद आहे, चढ" असं कुणी म्हटलं, की हा विचारणार, "बंद कोणी केली? तू डोळ्यांनी पाहिलंस?" चहात साखर घातलीय म्हटलं तरी आधी चमचाभर चाखून बघणार. माणसं हसायची, पण तारेला हात लावायची वेळ आली की त्याच्याच मागे उभी राहायची. अठरा वर्षं तो उंच टॉवर चढला, अंगावर ओरखडा नाही. आणि मग दोन वर्षांपूर्वी, त्रेचाळीस नंबरच्या टॉवरवरून उतरताना, जमीन पंधरा फुटांवर राहिली असताना पाय ठेवायचा बोल्ट फिरला आणि शंकोबा खडकावर आपटला. उजवा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, चालाल, पण चढणं विसरा.

तेव्हापासून त्याच्या वाट्याला बैठी कामं येत. हत्यारं मोज, दोर तपास, फोन उचल. त्याची टोळी मेहुण्याकडे गेली. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. शंकोबानेच त्याला हाताला धरून कामाला लावलं होतं, चढायला शिकवलं होतं. अंगाने चांगला दांडगा, पण टॉवरवर असा सरसर जायचा की सगळे त्याला खार म्हणत.

त्या उन्हाळ्यात डोंगरावरून येणारी मोठी लाइन सहा आठवड्यांत नऊ वेळा बंद पडली. खाली गावात पंखे थांबायचे, कारखान्यातली यंत्रं अर्ध्यावर अडायची, साहेबांचा फोन तापायचा. सबस्टेशनमधला ऑपरेटर दोन मिनिटांनी कळ दाबायचा आणि लाइन मुकाट्याने पुन्हा चालू व्हायची, जणू काही झालंच नाही. तिथलं यंत्र बिघाडाचं अंतर सांगायचं, तेही अंदाजानेच: चाळीस ते पंचेचाळीस नंबरच्या टॉवरांच्या मध्ये कुठेतरी. आणि त्या पट्ट्यात, एक्केचाळीस आणि बेचाळीस नंबरवर, पन्नास-साठ गिधाडं मुक्कामाला असायची.

साहेबांनी शंकोबाला खोलीत बोलावलं. साहेब वयाने त्याच्यापेक्षा लहान, पण टेबल मोठं होतं.

"गिधाडं शिटतात," साहेब म्हणाले. "मोठा पक्षी आहे. वरच्या दांडीवरून लांब पातळ धार सुटली की थेट तारेपर्यंत जाते. विजेला आयती वाट मिळते. पुस्तकात आहे हे."

"असतं तसं," शंकोबा म्हणाला. त्याने स्वतः एकदोनदा पाहिलं होतं.

"त्या कड्याखाली सात मोठी झाडं आहेत, त्यांवर त्यांची घरटी आहेत. पुढच्या गुरुवारी झाडं तोडायची. घरटी गेली की पक्षी जातील. तोवर तू तिथे बस. किती येतात, कधी येतात, कधी जातात, सगळं लिही. वर पाठवायच्या कागदाला जोडायला लागेल."

म्हणजे निकाल आधी, साक्ष मागून. शंकोबाच्या मनात आलं, कुठेतरी पाणी मुरतंय. पण साहेबांपुढे तो मूग गिळून बसला. दुर्बीण, वही आणि घडीची खुर्ची घेऊन तो दुसऱ्या दिवशी पहाटे जीपमधून डोंगरावर गेला.

उजाडलं तेव्हा त्याला गिधाडं पहिल्यांदा नीट दिसली. एक्केचाळीस नंबरच्या आडव्या दांड्यांवर ओळीने बसलेली, माना खांद्यात घातलेली, बदलीची वाट बघणाऱ्या कारकुनांसारखी. सूर्य वर आला तसा एकेकाने पंख उघडले. उडायला नव्हे. नुसते पंख पसरून, पाठ उन्हाकडे करून सगळी उभी राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, हूं नाही की चूं नाही.

"कसली कवायत चाललीय ही?" शंकोबा पुटपुटला आणि लिहून ठेवलं: *६.५० – पंख उघडले. कारण माहीत नाही.*

साडेआठपर्यंत एकही हललं नाही. मग एक उतरल्यासारखं खाली झेपावलं, दरीवर आलं आणि पंख न हलवता वर चढू लागलं. मागोमाग दुसरं. साडेनऊला दोन्ही टॉवर रिकामे झाले होते आणि आभाळात ठिपके गोल फिरत होते. झाडांवरच्या घरट्यांत एकेक पक्षी राहिला होता, पण तो घरटं सोडून टॉवरकडे फिरकला नाही.

समोरच्या खडकावर कोणीतरी बसलं होतं. जाड चष्म्याची, राखाडी केसांची एक बाई. तिच्याही हातात दुर्बीण आणि वही. शंकोबाने दुर्बीण गिधाडांवरून तिच्यावर वळवली, तर तिची दुर्बीण त्याच्यावर होती.

ही कोण? कारखान्याची माणूस? की साहेबांनीच आपल्यावर नजर ठेवायला पाठवलीय? दिवसभर त्याने ताकास तूर लागू दिली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तो लंगडत तिच्यापर्यंत गेला.

"इथे काय काम, बाई?"

"तेच मी विचारणार होते," ती म्हणाली. "मी अकरा वर्षं येतेय. तुम्ही काल आलात."

ती शाळेत शिक्षिका होती, निवृत्त झाली होती. आठवड्यातले चार-पाच दिवस ती खालच्या वस्तीतून चालत वर यायची आणि गिधाडं मोजायची. कोणी सांगितलं म्हणून नाही. सुरुवातीला नवऱ्याबरोबर यायची. तो गेला, मोजणी राहिली.

शंकोबाला हे पटलं नाही. फुकट कोण मोजतं? पण माहिती हवी होती, म्हणून त्याने विचारलं, "सकाळी पंख उघडून उभी का राहतात?"

"दव पडलेलं असतं, ते वाळवतात. अंगही तापवतात. त्यांना उडायची घाई नसते. वजनदार पक्षी आहे, पंख मारत बसला तर दमून जाईल. जमीन तापली की गरम हवा वर येते, तिच्यावर बसून निघतो. फुकटची गाडी."

"आणि परत?"

"चार-साडेचारपासून. पोट भरलं असेल तर आधी ओढ्यात अंघोळ. उंच जागेसाठी भांडण रोजचं. तुम्ही बघालच."

त्याने पाहिलं. संध्याकाळी ती एकेक करून यायची, पाय खाली सोडून, विमानासारखी. वरची दांडी भरलेली असली तरी नवीन येणाऱ्याला तिथेच बसायचं असायचं. धक्काबुक्की, चोची, फिसफिस. एखादं इतकं खाऊन यायचं की गळ्याखालची पिशवी चेंडूसारखी टपोरी व्हायची आणि त्याला दांडीवर नीट बसताही यायचं नाही. सहानंतर हळूहळू सगळं शांत व्हायचं. शंकोबाने आकडे लिहिले: चौपन्न, सत्तावन्न, एक्कावन्न.

तिसऱ्या दिवशी दुपारी ऑपरेटरचा फोन आला.

"आत्ता गेली होती लाइन. दोन चाळीसला. कोण बसलं होतं वर?"

शंकोबाने मान वर केली. दोन्ही टॉवर उघडेबोडके उभे होते. गरम वारा दरीतून वर येत होता, गवत आडवं पडत होतं. आभाळात फार वर एकच ठिपका.

"कोणी नाही," तो म्हणाला.

"असं कसं?"

"तुझं घड्याळ बरोबर आहे का?"

"माझं नाही, यंत्राचं घड्याळ आहे," ऑपरेटर वैतागला. "तुझा संशय यंत्रालाही सोडत नाही."

"मग आधीच्या नऊही वेळा वाच."

ऑपरेटरने वाचल्या. बारा वीस, तीन पाच, दोन दहा, एक पंचावन्न... नऊच्या नऊ दुपारी बारा ते चारच्या मधल्या. शंकोबाने त्या वहीच्या मागच्या पानावर लिहिल्या आणि बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला. ज्या वेळी लाइन जाते, त्या वेळी गिधाडं कामावर गेलेली असतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, हे एक वेळ चाललं असतं. इथे तर कावळा बसलाच नव्हता.

चौथा दिवस ढगाळ निघाला. वारा नाही, ऊन नाही. गिधाडं उडालीच नाहीत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्रेपन्न पक्षी दोन टॉवरांवर ठाण मांडून बसले, मधूनच शिटले, मधूनच एकमेकांवर खेकसले. शंकोबा डोळ्यात तेल घालून बसला होता. लाइन दिवसभरात एकदाही गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वही घेऊन साहेबांकडे गेला. "साहेब, पक्षी बाहेर असतात तेव्हा लाइन जाते, आणि दिवसभर डोक्यावर बसतात तेव्हा चालते."

साहेबांनी वही चाळली. त्यांच्या कपाळावर आठी आली, पण ती शंकेची नव्हती, अडचणीची होती. "कागद वर गेलाय," ते म्हणाले. "आणि पक्षी नाही, तर काय? बिघाड कुठेय? तुझ्याच मेहुण्याने महिन्यापूर्वी सगळे टॉवर चढून पाहिलेत."

त्यांनी तपासणीचं रजिस्टर पुढे सरकवलं. मेहुण्याचं अक्षर शंकोबाने झोपेतही ओळखलं असतं. चाळीस, ठीक. एक्केचाळीस, ठीक. बेचाळीस, पक्ष्यांची घाण, बाकी ठीक. आणि पुढे: *त्रेचाळीस – वर चढून पाहिले. ठीक.*

बाकी कुठेच 'वर चढून पाहिले' असं लिहिलेलं नव्हतं. चढायचं असतंच, ते लिहीत कोण बसतं? शंकोबाची नजर त्या तीन शब्दांवर अडकली. खाई त्याला खवखवे, असं उगाच म्हणत नाहीत.

त्याने तिथूनच मेहुण्याला फोन लावला. "त्रेचाळीसवर गेला होतास ना?"

"गेलो होतो, दाजी." उत्तर प्रश्न संपायच्या आत आलं. "ठणठणीत आहे. तुम्ही आपली गिधाडं मोजा ना."

त्या दिवशी घरी आल्यावर शंकोबाने बायकोला सहज विचारल्यासारखं केलं, "धाकटा बऱ्याच दिवसांत जेवायला आला नाही."

"कामात असेल," ती म्हणाली, आणि पातेलं घासायला वळली. पातेलं स्वच्छ होतं.

गेले तीन रविवार मेहुणा आला नव्हता. फोन मात्र यायचे. बायको तो घेऊन मागच्या दारात जायची आणि शंकोबा आला की म्हणायची, "बरं, ठेवते." त्याच्या मनात एकेक गोष्ट ओळीने येऊन बसू लागली, आणि प्रत्येकीला उंच जागा हवी होती.

सहाव्या दिवशी तो सरळ चष्मेवाल्या बाईंच्या खडकाकडे गेला. "बाई, महिन्यापूर्वी टोळी आली होती. तुमच्या वहीत आहे का?"

"असणारच. माणसं आली की पक्षी लवकर उठतात, म्हणून लिहिते." तिने पानं उलटली. तिची वही शाळेची, समास आखलेली. "हं. सव्वासातला सहा माणसं. चाळीसवर चढले, मग एक्केचाळीस, बेचाळीस. पक्षी ऊन न खाताच उडाले. त्रेचाळीसकडे एक जण एकटा गेला, दांडगासा. वळणापलीकडच्या दगडावर बसला होता. मला वाटलं, डबा खातोय. अर्ध्या तासाने परत."

"टॉवरवर चढला नाही?"

"नाही." ती त्याच्याकडे बघत राहिली. "का हो?"

त्रेचाळीस नंबर खाली, वळणावर होता. त्याच्या खुर्चीवरून टॉवरचं फक्त डोकं दिसायचं. गिधाडं तिथे कधी बसत नसत, कारण तो सगळ्यांत बुटका. गिधाडांचा मुक्काम उंचावर, म्हणून सगळ्यांच्या नजरा उंचावर. खाली कोणी पाहिलंच नव्हतं.

"पलीकडच्या उतारावरून तो पूर्ण दिसतो," बाई म्हणाल्या. "पण तुमचा गुडघा..."

"गुडघ्याचं मी बघतो."

अर्ध्या तासाच्या वाटेला त्यांना पावणेदोन तास लागले. उतारावर बाई पुढे जाऊन थांबायच्या, दगड दाखवायच्या. शंकोबा बसत-सरकत यायचा. ते पोचले तेव्हा एक वाजून गेला होता आणि वारा सुटला होता. तीच गरम हवा, जिच्यावर बसून गिधाडं लांब गेली होती. शंकोबाने दुर्बीण डोळ्यांना लावली. दोन वर्षांत त्याने हा टॉवर असा समोरून पाहिला नव्हता. पडला तो खडकही दिसत होता.

त्याने दुर्बीण वर नेली. वळणाच्या टॉवरवर दोन बाजूंच्या तारा जोडणारा एक तुकडा खाली लोंबत असतो. त्याला जंपर म्हणतात. तो वाऱ्याने झुलू नये म्हणून चिनी मातीच्या थाळ्यांची एक माळ त्याला धरून ठेवते. मधल्या तारेची ती माळ तुटली होती. अर्ध्या थाळ्या वर लटकत होत्या, अर्ध्या गायब. आणि जंपर मोकळा झुलत होता. वाऱ्याचा झोत आला की टॉवरच्या लोखंडाकडे जायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. लोखंडावर हातभर काळा डाग होता, आणि त्याच्या मधोमध धातू चकाकत होता.

"सापडलं?" बाईंनी विचारलं.

"सापडलं," शंकोबा म्हणाला. गिधाडं निर्दोष सुटली होती. आता आपलेच दात आणि आपलेच ओठ.

संध्याकाळी जीपमधून उतरला तो घरी न जाता दोन गल्ल्या ओलांडून मेहुण्याच्या घरी गेला. मेहुणा एकटाच राहत होता. दार उघडं होतं. स्वयंपाकघराच्या ओट्याशी तो उभ्यानेच जेवत होता. शंकोबाला बघून त्याने ताट खाली ठेवलं.

"दाजी. बसा ना."

"बसायला नाही आलो. त्रेचाळीसवर शेवटचा कधी चढलास?"

मेहुणा ओट्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. शंकोबाला वाटलं, आता हा थाप मारणार, आणि त्याने मनातल्या मनात बाईंची वही पुढे काढून ठेवली. पण मेहुण्याने थाप मारली नाही.

"तुम्ही पडलात त्या दिवशी," तो म्हणाला.

"दोन वर्षं?"

"चाळीसवर चढतो. बेचाळीसवर चढतो. कुठल्याही टॉवरवर चढवा मला. पण त्रेचाळीसच्या पायाशी गेलो की पाय उचलतच नाही, दाजी. टोळीला सांगतो, तुम्ही चहा घ्या, मी पाहून येतो. वळणाआड जातो, बसतो, आणि परत येतो."

"दुसऱ्याला चढवायचंस."

"आणि तो पडला असता तर?"

"तिथे माळ तुटून जंपर टॉवरला लागतोय! उद्या कोणी गुराखी त्याच्या पायाला टेकून बसला असता तर?" शंकोबाचा आवाज चढला. "आणि तुझ्या एका सहीवर सात झाडं पडणार आहेत गुरुवारी. पिल्लं आहेत त्यांवर. आळस असता तर एक वेळ समजलो असतो. सही करतोस?"

"करतो." मेहुण्याने मान खाली घातली. मग अगदी हळू म्हणाला, "त्या दिवशी सकाळी पायाचे बोल्ट आवळायचं काम माझं होतं."

शंकोबाचा हात गुडघ्यावर गेला.

"मी आवळला होता का, ते मला आठवत नाही. दोन वर्षं आठवतोय. पाना हातात होता, हे दिसतं. तुम्ही वरून हाक मारलीत, तेही ऐकू येतं. मधलं काही नाही. कधी वाटतं आवळलाच. कधी वाटतं..."

हाच संशय शंकोबाने दोन वर्षं कुलपात ठेवला होता. सगळ्या जगाला प्रश्न विचारणारा माणूस, पण हा एक प्रश्न त्याने कधी तोंडावर आणला नाही. रविवारी मेहुणा समोर जेवायला बसला की तो त्याच्या हातांकडे बघायचा आणि नजर काढून घ्यायचा. मेहुण्याने ते बघणं पाहिलं असणार.

तो शेवटी स्टुलावर बसला. "चढताना मी त्याच बोल्टवर पाय दिला होता," तो म्हणाला. "प्रत्येक बोल्ट आधी हलवून बघायची माझी सवय. तुलाही तेच शिकवलं."

"हो."

"त्या दिवशी बघितला नाही. चढतानाही नाही, उतरतानाही नाही. भूक लागली होती, दुसरं काही कारण नव्हतं."

मेहुण्याने वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि शंकोबाला ते बघवेना म्हणून तो ताटाकडे बघत राहिला.

"उद्या दहाला साहेबांकडे जा," तो उठताना म्हणाला. "नाहीतर मी जाईन. तू गेलास तर बरं."

घरी बायकोने त्याचा चेहरा पाहिला आणि सगळं ओळखलं. "त्याला नोकरीवरून काढतील," ती म्हणाली.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"पहिल्या वर्षीच सांगितलं त्याने मला. रडला होता."

"आणि मला कोणी सांगायचं?"

"तुम्ही विचारलंत का?" ती ताडकन म्हणाली. "लाइन कोणी बंद केली, विचारता. घड्याळ बरोबर आहे का, विचारता. माझा भाऊ तुमच्यासमोर मान वर करत नाही, ते का, हे विचारलंत कधी?"

त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलू लागली.

सकाळी दहाला तो कार्यालयात पोचला तेव्हा मेहुणा साहेबांच्या दारासमोरच्या बाकावर बसलेला होता. शिपाई म्हणाला, नऊपासून बसलाय, आत जा म्हटलं तर जात नाही. शंकोबा त्याच्या शेजारी बसला. मग मेहुणा उठला, आणि शंकोबा त्याच्या मागून आत गेला.

साहेब आधी भडकले. मग दुर्बिणीतून पाहिलेलं ऐकून गार पडले. कारण त्यांनीही तो कागद कोणाला न विचारता वर पाठवला होता. त्याच दुपारी लाइन बंद केली, दुसरी टोळी त्रेचाळीसवर चढली. शंकोबा खाली उभा होता आणि प्रत्येक बोल्टाला ओरडत होता, "हलवून बघ! आधी हलवून बघ!" माळ बदलली. जंपर जागेवर बसला. झाडं तोडायची रद्द झाली, असं कोणी लिहिलं नाही. "पुढील आदेशापर्यंत" असं लिहिलं. बाई म्हणाल्या, आमच्या शाळेची भिंतही पंधरा वर्षं पुढील आदेशापर्यंतच उभी होती.

मेहुणा दोन महिने घरी बसला. मग त्याला टोळीवरून काढून भांडारात टाकलं, जिथे जमिनीपासून सगळ्यांत उंच वस्तू म्हणजे लाकडी शिडी होती.

शंकोबाला साहेबांनी आणखी एक महिना डोंगरावर ठेवलं. तेराव्या दिवशी पहाटे, गिधाडं अजून माना खांद्यात घालून बसलेली असताना, एक्केचाळीसवर फटकन निळा प्रकाश झाला आणि पन्नास पक्षी एकदम फडफडले. लगेच फोन वाजला.

"पाच अठ्ठावन्न. बोल, आता कोणाचं नाव घेतोस?"

"ह्या वेळी त्यांचंच," शंकोबा म्हणाला. "मधल्या दांडीवर, उजवीकडून तिसरं. मी पाहिलं."

त्याने तसं लिहिलं. बाईंनी शेजारून वाचलं. "लिहिलंच पाहिजे का?"

"पाहिलं ते लिहायचं, बाई. आपल्या माणसाचं लिहिलं, मग ह्यांचं का सोडू?"

साहेबांनी तारेच्या बरोबर वर, दांडीवर, टोकदार पट्ट्या बसवल्या. गिधाडं दोन दिवस रुसून झाडांवर राहिली. तिसऱ्या दिवशी येऊन पट्ट्यांच्या बाजूला, तीन हात सरकून बसली. शिटायला मोकळी हवा होती, खाली तार नव्हती.

मेहुणा भांडारात रुजू झाल्यावर दुसऱ्या रविवारी जेवायला आला. बायकोने बोलावलं होतं की तो आपणहून आला, हे शंकोबाने विचारलं नाही. मग बायकोचं बोलणं आठवलं, आणि विचारलं.

"आपणहून," मेहुणा म्हणाला.

तो जेवताना मान वर करून बसला होता, पण फारसं बोलत नव्हता. वाढणं झालं, पाणी झालं. बायको आत होती.

"कसं आहे भांडार?" शंकोबाने विचारलं.

"रबरी हातमोजे आलेत, दाजी. चाळीस."

"बरे आहेत?"

"सगळे डाव्या हाताचे."

शंकोबाचा घास हातातच राहिला. "सगळे?"

"एकेक घालून पाहिला."

आतून बायकोच्या हसण्याचा आवाज आला, तिने दाबायचा प्रयत्न केला तरी. शंकोबाही हसला, मग मेहुणा. मग बायको आपलं ताट घेऊन बाहेर आली, आणि तिघंही जेवत राहिले.